सदापानाची टोपली

मित्रांनो, मला नुसतं डोळ्यांनी बघून माझी ओळख करून घ्यायला जाल, तर फसाल! दिसायला मी काही खास नाही. एका कुशीवर दबलेली, काठ झिजलेला, रंग म्हणाल तर जुन्या गुळाचा. पण जरा वाका आणि माझ्यात नाक घाला. आला ना वास? थोडा राळेचा, थोडा ओल्या शेवाळाचा आणि अगदी शेवटी, जाता जाता, लिंबाच्या सालीचा. मी एक जुनी टोपली आहे, भूर्जाच्या सालीची, आणि हा वास सदापानाचा आहे. माझं अवघं आयुष्य त्याची पानं वाहण्यात गेलं.

सदापान म्हणजे आमच्या दलदलीतलं गुडघाभर उंचीचं झुडूप. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातले आमचे क्री लोक त्याला ज्या नावाने हाक मारतात, त्याचा अर्थच मुळी 'कायमचं पान'. थंडी आली की भूर्ज, विलो सगळे अंगावरचं उतरवून उघडेबोडके उभे राहतात. हे मात्र बर्फाखाली गाडलं गेलं तरी हिरवं ते हिरवंच! त्याच्या पानांचा चहा खोकल्याला चालतो, पोटाला चालतो आणि गप्पांना तर फारच चालतो.

माझा जन्म झाला तेव्हा मॉडी नवी नवरी होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी भूर्जाच्या अंगात रस चढतो आणि साल सैल होते. त्या दिवसांत ती सुरी घेऊन जंगलात आली. एका दांडग्या भूर्जापाशी थांबली, बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवली (घेण्याआधी द्यायचं, ही आमची रीत), त्याला काहीतरी पुटपुटून सांगितलं आणि मगच सुरी लावली. आतल्या गाभ्याला धक्का न लावता तिने वरची साल अशी अलगद सोडवली, जसं झोपलेल्या बाळाच्या अंगाखालचं दुपटं काढावं. मग स्प्रूसच्या झाडाची लांब मुळं उकरली, दातांत धरून उभी चिरली, भिजवली आणि त्या दोऱ्यांनी माझे कोपरे शिवले. शेवटी सालीचा वरचा काळसर थर खरवडून तिने माझ्या पोटावर रानहंसाची पावलं उमटवली.

तिची नणंद हिल्डा शेजारी बसून मासे साफ करत होती. काम कमी आणि जिभेचा पट्टा जास्त!

"वहिनी, ही टोपली आहे की होडी?"

"होडीच आहे. तुला बसवते आणि देते सोडून तळ्यात."

"आणि हा हंस लंगडा होता का गं? एक पाऊल इकडे, एक तिकडे!"

"तुझी बडबड ऐकून पळत होता बिचारा!" मॉडी म्हणाली.

अशा हसण्यात मी जन्मले. मला वाटतं, माझी शिवण इतकी वर्षं टिकली ती त्यामुळेच.

सुरुवातीला मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! निळी बोरं वाहिली, हंसांची पिसं वाहिली, एकदा तर रांगतं पोरसुद्धा! पण एका शरदात मॉडीने माझ्यात सदापान भरलं आणि तो वास माझ्या सालीत मुरला तो मुरलाच. त्यानंतर बोरं ठेवली की बोरांना चहाचा वास यायला लागला. हिल्डाने नाक मुरडलं. मॉडी म्हणाली, "राहू दे. हिला हिचं काम सापडलं."

आणि काय सुरेख काम होतं ते! भल्या सकाळी होडी पलीकडच्या काठाला लागायची. दलदलीत पाय टाकला की शेवाळ पचपचायचं. मॉडी कधीही एकाच झुडपावर तुटून पडली नाही. या झुडपाची चार पानं, त्या झुडपाची चार पानं, एखाद्याला नुसतं "काय, बरं आहे ना?" विचारून पुढे. "हे झुडूप सावकाश वाढतं," ती म्हणायची. "आपण एका सकाळी ओरबाडलं, तर त्याला भरून यायला किती हिवाळे लागतील ते त्यालाच माहीत." दलदलीचा एक तुकडा काढून झाला, की तो ती काही वर्षं विसावायला सोडायची. एका तळ्यातले बीव्हर धरून झाले, की ते प्राणी पुन्हा वाढेपर्यंत त्या तळ्याला सोडतात ना, तसाच.

पण मित्रांनो, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. मॉडी प्रत्येक पान उलटं करायची आणि त्याच्या खालच्या अंगावरून अंगठा फिरवायची. याला ती 'पानाचं पोट बघणं' म्हणायची. सदापानाच्या जुन्या पानाचं पोट गंजलेल्या लोखंडासारखं तांबूस असतं आणि त्यावर दाट मऊ लव असते. हे बघायचं का? तर त्याच दलदलीत, त्याच झुडपांत घुसून एक दुसरं झुडूप वाढतं. वरून बघाल तर सख्खा भाऊ! तसंच अरुंद पान, तशाच आत वळलेल्या कडा. पण त्याचं पोट पांढरं आणि गुळगुळीत. आम्ही त्याला सोंगाड्या म्हणतो. फुलं असतात तेव्हा तो लगेच पकडला जातो, कारण त्याची फुलं गुलाबी आणि सदापानाची पांढरी. फुलं गळली की मात्र त्याचं सोंग सुरू! आणि सोंगाड्याचा चहा म्हणजे विष. उलट्या होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, काळजाचे ठोके मंदावतात. म्हातारं माणूस असलं तर तेवढ्यानेही संपतं.

यात आणखी एक पेच आहे. सदापानाची कोवळी पानंसुद्धा खालून पांढुरकीच असतात. ती तांबूस व्हायला वेळ लागतो. म्हणून उन्हाळ्यात कोवळं पान कुणी खुडत नाही. बाकीच्या चहात म्हणे कोवळ्या पानाला मान. आमच्याकडे मान जुन्या पानाला! (हे सांगताना माझा काठ जरा ताठ होतो, माफ करा.)

अशी कित्येक वर्षं गेली. माझं कौतुकही खूप झालं. एकदा दक्षिणेकडच्या शहरातून एक बाई आली. मला हातात घेऊन गोल गोल फिरवून बघायला लागली आणि विकत मागायला लागली. मॉडी म्हणाली, "टोपली तुम्ही नेली, तर चहा मी काय टोपीत आणू?" बाई हसली आणि चहा पिऊन गेली. त्या दिवशी मला जो काही आनंद झाला!

मग दिवस पालटले. मॉडी जंगलातल्या तंबूतून गावातल्या पक्क्या घरात राहायला आली. घर उबदार होतं, नळाला पाणी होतं, रेडिओवर बिंगोचा आकड्यांचा खेळ होता. दुकानात कागदी पुड्यांतला चहा मिळू लागला. पानं आणायचीच झाली, तर आइस्क्रीमचा प्लॅस्टिकचा डबा पुढे व्हायचा. मला फ्रीजवर बसवलं. माझ्यात काय नव्हतं! गाडीच्या किल्ल्या, संपलेले सेल, एकेकटे हातमोजे. फ्रीजच्या कोरड्या उष्णतेने माझी साल सुकली आणि काठाला चीर गेली. खाली माणसं हसत-बोलत होती, जेवत होती. माझ्याकडे हात यायचा तो किल्लीसाठी. राग नाही आला मला. पण मी विचार करत राहिले, मित्रांनो. आपण ज्या कामासाठी घडलो ते कामच कुणी सांगितलं नाही, तर आपण नक्की कोण उरतो?

त्या घरात मॉडीची नात जोलीन मोठी होत होती. पंधरा वर्षांची, आवाज खणखणीत, एका जागी टिकणार नाही आणि सगळ्यांची लाडकी. तिच्यासाठी मॉडी म्हणजे कूकम. आजीला आमच्याकडे असंच म्हणतात. कूकम दर शरदात म्हणायची, "या वर्षी तुला पान खुडायला शिकवते हं." पण दर शरदात काहीतरी निघायचं. कधी शाळेचे हॉकीचे सामने, कधी मॉडीचे दुखरे पाय.

मग मॉडीला साखरेच्या आजाराने गाठलं. पायाची जखम भरेना, म्हणून तिला विमानाने दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात नेलं. हिवाळा तिथे गेला, हंस परत आले तरी ती तिथेच. फोनवर ती एकच म्हणायची, "इथला चहा म्हणजे गरम पाण्याला पडलेलं वाईट स्वप्न! घरी आले की आधी सदापान पिणार. बाकी सगळं मागून."

ऐन उन्हाळ्यात निरोप आला : मॉडी उद्या येते आहे.

घरातलं सदापान कधीच संपलं होतं. जोलीनने इकडे तिकडे बघितलं आणि तिचे डोळे माझ्यावर थांबले. तिने मला खाली ओढलं, किल्ल्या-बिल्ल्या टेबलावर ओतल्या आणि माझ्यात नाक खुपसलं. "हाच! हाच कूकमचा वास!" ती ओरडली आणि मला काखेत मारून पळत सुटली.

मी किती वर्षांनी दलदल बघत होते! तेच शेवाळ, तेच काळे स्प्रूस. फक्त डास आणि काळ्या माश्यांचे ढग नवे होते, कारण मॉडी मला या दिवसांत इथे कधी आणतच नसे. जोलीनने टोपी कानांपर्यंत ओढली आणि दोन्ही हातांनी पानं ओरपायला सुरुवात केली. कोवळी कोवळी, लुसलुशीत! "कूकमला सगळ्यांत ताजी," ती स्वतःशीच म्हणत होती. माश्या चावत होत्या, एक हात मानेवर, एक हात झुडपावर. तिने एकही पान उलटं केलं नाही.

आणि मला कळलं. मित्रांनो, माझ्या तळाला इतकी वर्षं त्या मऊ लवेची सवय. त्या दिवशी मऊ पानांच्या मधून मधून काहीतरी गार आणि गुळगुळीत माझ्या अंगावर पडत होतं. सोंगाड्या! एक मूठ, आणखी एक मूठ. मी काय करणार? टोपलीला तोंड असतं, पण ते नुसतं आ वासायला! माझी चीर थोडी आणखी उकलली, दोन-चार पानं खाली सांडली. जोलीनने ती उचलून परत माझ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॉडी घरी आली. चाकाच्या खुर्चीत, अर्धी झालेली, पण डोळे तेच. स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं. ताज्या बॅनकच्या जाड भाकऱ्या टेबलावर वाफाळत होत्या. हिल्डा म्हातारी झाली होती, जीभ मात्र अजून तरुणच.

"वहिनी, आलीस होय? मी तर तुझी खुर्ची माझ्या नावावर करून घेतली होती."

"बसलीस का कधी तिच्यात? मोडली असेल मग!"

सगळे खदाखदा हसले. आणि त्या हसण्यातच जोलीन मला घेऊन पुढे आली. गाल नुसते लाल झाले होते तिचे. "कूकम, बघ! मी एकटीने आणलं. कुणीही सोबत नव्हतं!"

"अगं बाई! टोपलीसुद्धा बाहेर काढलीस?" मॉडीने मला मांडीवर घेतलं. इस्पितळात तिचे हात हलके, कागदासारखे झाले होते. हिल्डाने शेगडीवर किटली चढवलीच होती. पाण्याला आधण आलं होतं.

मॉडीने माझ्यात हात घातला, एक पान उचललं, उलटं केलं आणि अंगठा फिरवला. झालं! मी मनात म्हटलं. आता तिला कळणार, आता ती थांबणार.

अंगठा फिरला. पुन्हा फिरला. पुन्हा. मॉडीच्या कपाळावर आठी पडली. तिने पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. मग हळूच म्हणाली, "माझा अंगठा झोपलाय गं. त्या आजाराने बोटांतलं सगळं पुसून नेलं. पान आहे की कागद, तेच कळत नाही. डोळ्यांनाही धुकं दिसतं." आणि तिने मान वर करून नातीकडे बघितलं. "तूच सांग जोलीन. पोट बघितलंस ना प्रत्येकाचं?"

घरात सगळे जोलीनकडे बघत होते. कुणाच्या मनात शंका नव्हती, सगळे कौतुकाने बघत होते, आणि तेच तर कठीण होतं! हिल्डा किटली घेऊन तयार उभी. एक "हो" म्हटलं की झालं. टाळ्या, चहा, शाबासकी. जोलीनचे ओठ 'हो' म्हणायला उघडलेलेही मी खालून बघितले.

मग तिने मॉडीच्या अंगठ्याकडे बघितलं. तो अजून त्या पानावर मागे-पुढे फिरत होता, काहीतरी शोधत, काहीही न सापडता.

"नाही," जोलीन म्हणाली. आवाज इतका बारीक, की तिचाच वाटेना. "मी नाही बघितलं, कूकम. एकाचंही नाही. पोट बघायचं असतं हेच मला... मी नुसती ओरपत गेले."

हिल्डाने किटली खाली ठेवली. "पोट गुळगुळीत असलं तर तो सोंगाड्या, पोरी. त्याचा चहा म्हणजे विष," ती म्हणाली.

जोलीनने मॉडीच्या हातातलं पान घेतलं आणि उलटं केलं. पांढरं, गुळगुळीत. तिने माझ्यातून दुसरं काढलं. पांढुरकं, पण लव असलेलं. तिसरं पुन्हा गुळगुळीत. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कूकम, तू हे प्यायली असतीस," ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली.

मला वाटलं, आता मॉडी रागावेल. पण आमच्याकडची जुनी माणसं चारचौघांत पोराचं नाक कापत नाहीत. तिने जोलीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हिल्डा, तो पुडीतला चहा कर आज. इस्पितळाने माझी जीभ बिघडवलीच आहे, आणखी एक दिवस बिघडली म्हणून काय झालं?"

"कर म्हणे! तुझ्या जिभेला काय धाड भरलीये? मोठी लांब आहे ती," हिल्डा डोळे पुसत म्हणाली. मग जोलीनकडे वळून तिने टोमणा मारलाच, "आणि तू गं! माझ्या वहिनीला मारायचं असेल तर आधी मला विचारायचं. माझा नंबर पहिला आहे!"

जोलीन रडता रडता हसली. मग सगळेच हसले. पण मी बघत होते, मॉडी हसत नव्हती. ती आपला अंगठा न्याहाळत होती. तिला त्या दुपारी कळलं होतं, की आता ती एकटी दलदलीत जाऊ शकणार नाही, आणि जे नातीला शिकवायचं इतकी वर्षं 'पुढच्या शरदात' म्हणून राहिलं, ते आता पुढे ढकलून चालणार नाही.

संध्याकाळी ती पानं कचऱ्यात गेली नाहीत. मॉडीच्या सांगण्यावरून जोलीनने ती सगळी परत दलदलीत नेली, जिथून ओरपली होती त्या झुडपांच्या मुळाशी शेवाळावर पसरली, चिमूटभर तंबाखू ठेवली आणि काहीतरी पुटपुटली. काय ते मी सांगणार नाही. ते तिचं आणि झुडपांचं आहे. त्यानंतर कितीतरी दुपारी हिल्डाने माझी चीर मुळांच्या दोऱ्याने सांधली आणि वरून स्प्रूसची राळ चोळली. शिवताना ती मला शिव्या घालत होती, पण टाके मात्र बारीक घातले हं!

शरद आला. मॉडीची खुर्ची दलदलीच्या काठाला, कोरड्या जागी लावली. जोलीन मला घेऊन आत गेली. या झुडपाची चार पानं, त्या झुडपाची चार पानं. प्रत्येक पान उलटं करायचं, अंगठा फिरवायचा. एखाद्या पानाबद्दल जरा शंका आली, की ती चिखल तुडवत काठापर्यंत परत यायची, मॉडीला रंग सांगायची, लव सांगायची, देठाशी कसं आहे ते सांगायची. मॉडी ऐकून "घे" म्हणायची किंवा "सोड." हळूहळू जोलीनचं परत येणं कमी झालं.

मी जेमतेम अर्धी भरले होते आणि ऊन उतरायला लागलं. वारा गार झाला. काठावरून हिल्डा ओरडली, "अगं ए! चहा करते आहेस की पानांची लग्नं जुळवते आहेस? तुझी कूकम गारठली इथे!"

आतून जोलीनचा खणखणीत आवाज आला, "थांबा हो! अजून बघते आहे!"

मॉडीने ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलं. "थांबते मी," ती म्हणाली. "हवं तेवढं थांबते." आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जसं मी माझ्या जन्मापासून कधी बघितलं नव्हतं.

मित्रांनो, मी टोपली, मला मोठमोठं बोलता येत नाही. एवढंच मागणं आहे. झुडूप असो की माणूस, एका सकाळी ओरबाडून रिकामं करू नका. मागून येणाऱ्यासाठी आणि खुद्द झुडपासाठीही काही राहू द्या. घरातल्या म्हाताऱ्या हातांना जे ठाऊक आहे, ते त्यांच्या बोटांत जाण आहे तोवर विचारून घ्या. आणि कुणी भर घरात विचारलं, "बघितलंस ना?" आणि तुम्ही बघितलं नसेल, तर लाज गिळा आणि "नाही" म्हणा. मग पान उलटा. सगळे ताटकळले, हसले, टोमणे मारले, तरी उलटून बघा.

चहा थांबतो.